झुंबरभाऊंचा माळ

आमच्या दूध सोसायटीची सभा दिवस मावळायच्या आत संपायची. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. चेअरमन झुंबरलालजी जैन घरातले. दिवस बुडाला की अन्नाचा कण तोंडात घालायचे नाहीत. त्यामुळं उन्हं कलली की ते खिडकीतून बाहेर बघायचे आणि बोलणाऱ्याला मधेच तोडायचे, "बस. आता ठरावावर या. राहिलेलं भाषण घरी ऐकवा." एकदा जिल्ह्याहून आलेले एक मोठे अधिकारी रंगात येऊन बोलत होते. झुंबरभाऊ उठून उभे राहिले. "साहेब, तुम्ही बोलून राह्यले ते बराबर हाय. पण माझी भाकर सूर्याला बांधलेली हाय, तुम्हाला न्हाई." आणि खरंच निघून गेले. साहेबांनी उरलेलं भाषण रिकाम्या खुर्चीकडं बघत केलं.

मी त्या सोसायटीचा सचिव. माझं वावर त्यांच्या माळाला लागून. बांधाला बांध असलेल्या माणसाशी एक तर भांडण होतं, नाही तर त्याची सवय होते. माझं दोन्ही झालं.

उंच, वाळक्या अंगाचा माणूस. पांढरा पायजमा, वर बिनबाह्यांची बंडी आणि पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट. ऊन असो, लग्न असो, गमबूट सुटायचे नाहीत. कुणाच्या तरी मांडवात पाहुणे त्यांच्या पायांकडं बघून हसले, तर म्हणाले, "नवरदेव मी हाय का? त्याच्या पायाकडं बघा की." नावावरूनही लोक गंमत करायचे. झुंबर म्हणजे राजवाड्यात टांगतात ते. भाऊ म्हणायचे, "मला टांगायला आजवर कुणाला छत सापडलं न्हाई."

रस्त्यानं चालताना शेणाचा पोहो दिसला की थांबायचे, बुटाच्या टोकानं उलटा करायचे आणि खाली शेणकिडे वळवळताना दिसले की लहान मुलासारखे खूश व्हायचे. "बघा, बघा, मजूर कामाला लागले!" किडे नसले की तोंड उतरायचं. मग ते शेण कुणाच्या गाईचं, तिला काय औषध टोचलं, याची चौकशी सुरू. बटाटा, कांदा, मुळा, जमिनीखालचं काहीच खायचे नाहीत. गावजेवणाला स्वतःचा डबा घेऊन यायचे. कुणीतरी विचारलं, "भाऊ, मुळांत काय पाप हाय?" तर म्हणाले, "पापाचं मला माहीत न्हाई. माझा धंदाच मुळं वाढवायचा हाय. धंद्यातला माल खाऊन कसं चालंल?"

मंठ्याहून आमच्या गावाकडं येताना उजव्या हाताला जो उतरता माळ दिसतो, तो त्यांचा. त्याच्या डोक्यावर टेकडी, आणि टेकडीपासून गावापर्यंत गायरान. आज माळावर कमरेइतकं गवत असतं. भाऊ आले तेव्हा तिथं मुरूम होता आणि कुसळ. कुसळीचं गवत ढोरं नाइलाजानं खातात. पिकलं की त्याची काटेरी टोकं जनावराच्या तोंडात आणि माणसाच्या धोतरात घुसतात. दुसरं काही उगवलं तर ते वर येण्याआधीच गावची ढोरं साफ करायची.

जालन्यात मस्तगडला भाऊंच्या घराण्याचं धान्याचं दुकान. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेली माणसं. खाली दुकान, वर घर. आमच्या गावचा माळ त्यांच्या आजोबांनी कधी तरी विकत घेऊन ठेवला होता, पण घरातलं कुणी त्यावर फिरकलं नव्हतं. वाटणीची वेळ आली तेव्हा धाकटे भाऊ मोतीलाल म्हणाले, माळ विकून टाकू, दुकान दोघं मिळून चालवू. तेव्हाचा संवाद झुंबरभाऊ नक्कल करून सांगायचे.

"दुकान तू घे. मला माळ दे."

"माळावर पिकतं काय?"

"सध्या काही न्हाई."

"मंग?"

"म्हणूनच."

चाळिशीपर्यंत हा माणूस तराजूमागं बसला होता. "दुसऱ्यानं पिकवलेलं मोजण्यात माझे हात झिजले," एवढंच कारण ते सांगायचे. मोतीलालांनी समजावलं, नातेवाइकांनी समजावलं. कंचनभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, समजावलं नाही, सरळ सांगितलं, "तुम्ही जा. मी गवतावर संसार मांडणार नाही." मुलगी निर्मला, तिला घेऊन त्या मस्तगडलाच राहिल्या. झुंबरभाऊ दोन देवणी गाई घेऊन माळावर आले. पत्र्याचं छप्पर घातलं. आठवड्यातून एकदा बसनं घरी जायचे. भाभी त्यांना गमबूट जिन्याखाली काढायला लावायच्या आणि जेवताना शेताचा विषय काढू द्यायच्या नाहीत. कित्येक वर्षं असंच चाललं. दोघांतलं कुणी मागं हटलं नाही.

गावानं भाऊंना सुरुवातीला धड घेतलंच नाही. माळ शेठचा, पण गवत गावाचं, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. भाऊंनी माळाचे चार तुकडे पाडले, मधे दगड रचून कमरेइतके बांध घातले आणि सांगितलं, एका वेळी एकाच तुकड्यात चराई. बाकीचे तीन विश्रांतीला. गवताला एकदा तोंड लागलं की पुन्हा उभं राहायला त्याला वेळ द्यायचा, एवढीच त्यामागची गोष्ट. पण गावाला वाटलं, शेठनं कुंपण घालायला सुरुवात केली.

भानुदास नावाचा एक गुराखी होता, गावातली निम्मी ढोरं तोच चारायचा. जिभेनं फार कडक. एका सकाळी त्यानं पुरा कळप आणून बंद तुकड्याच्या बांधातल्या खिंडीपाशी उभा केला. मी माझ्या वावरात होतो.

"शेठ, बाजूला व्हा."

"हा तुकडा बंद हाय. पलीकडचा उघडा हाय, तिकडं ने. तुझी न् माझी संगच चरू दे."

"माझ्या आज्यानं हितं ढोरं चारली. तुमचं दुकान जालन्याला. तितं जाऊन कुलपं लावा."

भाऊ वळले. खिंडीत जाऊन आडवे झाले. चक्क उताणे, हात छातीवर घेऊन. "आता ने माझ्यावरून."

भानुदासनं काठी आपटली, शिव्या घातल्या, पुढच्या गाईच्या पाठीवर थाप मारली. गाय पुढं आली, भाऊंना हुंगलं आणि त्यांचं टक्कल चाटायला लागली. गाय माणसावर सहसा पाय देत नाही. मागची ढोरं दाटली, हंबरली आणि शेवटी तिथंच बसून रवंथ करायला लागली. भानुदासला काय करावं कळेना. तोही बसला. दुपारी भाऊंनी पडल्यापडल्याच डब्यातली भाकर खाल्ली. भानुदासनं फडक्यातला कांदा फोडला आणि मुद्दाम त्यांच्या नाकाशी धरला.

"वास आला का?"

"आला. खा तू. पण जागचा हालणार न्हाई मी."

उन्हं तापली तसा भानुदास म्हणाला, "शेठ, वेड लागलंय तुम्हाला."

"एक पावसाळा दे मला," भाऊ म्हणाले. "फक्त एक. मला गवतात उजवं-डावं काही दाखवता न्हाई आलं, तर हे दगड मी माझ्या हातानं काढीन. चारचौघांत सांगतो."

भानुदासनं कळप वळवला, तो भाऊंचं पटलं म्हणून नव्हे. ढोरांना पाणी पाजायचं होतं म्हणून. पण तो पावसाळा त्यानं दिला. दिवाळीच्या सुमारास बंद तुकड्यात कुसळीच्या मधून पवन्या आणि मारवेल, ढोरं आवडीनं खातात ती गवतं, वर आलेली दिसली. भाऊंनी भानुदासला बोलावलं, त्याच्या हातात विळा दिला आणि म्हणाले, "पहिला भारा तू काप." भानुदासनं गवत हातात घेऊन मोडून बघितलं, चावून बघितलं. कौतुकाचा शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं कळप स्वतःहून उघड्या तुकड्याकडं वळवला.

पुढं दूध सोसायटी उभी राहिली तीही अशाच हट्टातून. तेव्हा एक खाजगी गाडी दूध न्यायची. यायची तेव्हा यायची, नाही आली तर दूध नासायचं. भाऊ घरोघर फिरले. लोकांना वाटलं शेठला धंदा करायचाय. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "मला दूध विकायचं न्हाई. दुधासाठी गाय पाळतो तो फसतो. मी जमिनीसाठी गाय पाळतो. तिचं शेणमूत वावराला, वावरातला कडबा तिला. दूध निघालं तर ते वरचं. पण वरचं हाय म्हणून काय फुकट द्यायचं?" लोक हसले, आणि सभासद झाले. भाकड गाई भाऊंनी कधी विकल्या नाहीत. लोक म्हणायचे, खर्चा परवडत न्हाई. ते म्हणायचे, "तिनं दूध थांबवलंय, शेण न्हाई थांबवलं."

नंतर आला क्रशरचा विषय.

अंकुशराव आमच्या गावचे पुढारी. वाईट माणूस नव्हे. रस्ता, शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी, सगळं त्यांनीच आणलं. टेकडीवर खडीचं क्रशर बसवायचं, त्यासाठी गायरान द्यायचं, असं त्यांच्या मनात आलं. पोरांना काम लागेल, ग्रामपंचायतीला उत्पन्न होईल, हे खरंही होतं. ग्रामसभा भरली. पारावर माणूस मावत नव्हता.

झुंबरभाऊ उभे राहिले. "टेकडी फोडली की तिच्यावरून उतरणारं पाणी माझ्या माळावर न्हाई थांबणार, तुमच्या विहिरीतही न्हाई. न् धूळ गवतावर बसली की जनावर ते गवत खात न्हाई. गवत दरसाल येतं. फोडलेली टेकडी येती का दरसाल?"

अंकुशरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाले, "शेठ, तुमचा मान हाय आम्हाला. पण हे गायरान गावाचं हाय. हे गावच्या माणसांना ठरवू द्या."

शब्द सभ्य होते. पण सगळ्यांना कळलं काय म्हटलं ते.  मी भाऊंच्या शेजारी होतो. त्यांच्या मानेची शीर उडताना दिसली.

"मी गावचा न्हाई. बराबर," ते म्हणाले. "मंग गावचं कोण हाय ते ठरवू. अंकुशराव, तुमचं एक घर जालन्याला, एक संभाजीनगरला. पोरं पुण्याला. मी रोज हितं उठतो, रोज हितं शेण काढतो. तुम्ही शेवटचं शेण कवा काढलं ते सांगा, मी आत्ता खाली बसतो."

हशा पिकला. अंकुशरावही ओशाळं हसले. पण हशानं काही ठरत नसतं. ठराव मंजूर झालाच असता. तेवढ्यात मागून भानुदासचा आवाज आला. तो सभेत कधी बोलत नसे. "शेठ परके असतील, मला त्याचं काही न्हाई. पण माझी ढोरं परकी न्हाईत. त्यांना कुठं चारू ते सांगा आधी." मग बाया बोलायला लागल्या, गवत कापून ज्यांच्या शेळ्या-म्हशी चालत होत्या त्या. एकीचं ऐकून दुसरी. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

त्या चैत्रात माळ पेटला.

भर दुपार होती. मला आधी वास आला, मग वावराच्या कडेनं धूर दिसला. वारा टेकडीकडून. वाळलेलं गवत असं पेटत होतं की जवळ जाववत नव्हतं. आम्ही लिंबाच्या फांद्या तोडून झोडपत सुटलो. भानुदास गोठ्यात घुसून दावी कापत होता, भाऊ गाई बाहेर हाकलत होते. गाई वाचल्या. गोठ्याचं छप्पर गेलं, चाऱ्याची गंजी गेली, विहिरीपासून आणलेला प्लॅस्टिकचा पाइप वितळून जमिनीला चिकटला. कळपातल्या कितीतरी जनावरांची पाठ आणि शेपटीचे केस होरपळले. आग विझल्यावर भाऊ राखेतून चालत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भुवया जळालेल्या. गमबुटाचे तळवे विरघळून मागं काळे ठसे उमटत होते. मी म्हणालो, "भाऊ, बसा." ते पुढच्या तुकड्याकडं वळले.

आग कशी लागली ते आजवर ठरलेलं नाही. बिडी म्हणा, वीज म्हणा. गावात जो तो मनातल्या मनात एक नाव घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोतीलाल जीप घेऊन आले. सोबत कंचनभाभी. माळावर त्या पहिल्यांदाच येत होत्या. मोतीलालांना रडूच आलं. "भाईसाब, बहुत झालं. चला घरी. दुकान तुमचंच हाय, गल्ल्यावर बसा. हे लोक तुम्हाला जगू देणार न्हाईत."

भाऊ एका गाईच्या पाठीला खोबरेल लावत होते. वर न बघता म्हणाले, "ढोरांना कालपासून पाणी न्हाई. आधी ते बघू."

"पाणी कुठंय इथं? पाइप तर जळाला!"

"गावात हाय."

त्यांनी कळप उठवला. गाई दमलेल्या, बिथरलेल्या. सगळ्यात जास्त होरपळलेली गंगी पाऊल टाकायला तयार नव्हती. भाऊ तिचं दावं ओढत होते आणि बाकीच्या पांगत होत्या. तेव्हा भाभी जीपमधून उतरल्या. साडीचा पदर कमरेला खोचला आणि हात पुढं केला. "इकडे द्या."

"तुला धरता येणार न्हाई. ओढती ती."

"इतकी वर्षं तुम्हाला धरून ठेवलंय."

भाऊंनी दावं दिलं. मोतीलाल म्हणाले, "भाभी, तुम्ही बसा गाडीत." त्या दिराला म्हणाल्या, "लालाजी, गाडी रिकामी घेऊन जा. माझी पेटी संध्याकाळी पाठवा."

मग ती जत्रा गावात शिरली. पुढं भाभी न् गंगी, मागं काळवंडलेला कळप, शेवटी भाऊ आणि भानुदास. जळलेल्या केसांचा वास गल्लीत भरला. बाया उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.  गावात सार्वजनिक हौद होता. कळप तिथं थांबला नाही. भाऊंनी तो पुढं हाकला, थेट अंकुशरावांच्या बंगल्यापुढं, जिथं त्यांच्या जनावरांसाठी बांधलेला मोठा सिमेंटचा हौद होता. गाईंनी तोंडं घातली.

अंकुशराव तोंड धूत होते, ते टॉवेल घेऊन बाहेर आले. गंगीच्या पाठीकडं बघून थबकले.

"शेठ... काय पाहिजे?"

"पाणी."

"पाजा की. न्हाई कोण म्हणतंय?"

"पाजूनच राह्यलो. विचारायला न्हाई आलो, सांगायला आलो. जवर माझ्या माळावर पाणी येत न्हाई, तवर सकाळ-संध्याकाळ हितंच येणार. ह्याच रस्त्यानं."

अंकुशराव बाजूला सरले. तहानलेल्या गाईला हौदावरून हाकलणारा माणूस आमच्या भागात निवडून येत नाही, हे तर होतंच. पण तेवढंच नव्हतं. त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. आग त्यांनी लावली असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ती कुणासाठी लागली हे त्यांना कळत होतं.

कळप रोज जायचा. सकाळी एकदा, दिवस मावळायच्या आत एकदा. मी म्हणायचो, भाऊ, माझ्या विहिरीवरून पाइप टाकू. ते म्हणायचे, "टाकू. घाई काय हाय?" त्यांना घाई नव्हतीच. गावानं रोज ती होरपळलेली पाठ बघावी आणि अंकुशरावांनी दोनदा बघावी, हे त्यांनी ठरवलं होतं. भाभी रोज पुढं. पहिले काही दिवस दाव्यानं त्यांचे तळहात सोलले, त्यांनी चिंधी बांधली. मस्तगडची माणसं म्हणाली, घराण्याची बाई रस्त्यानं ढोरं हाकते. भाभींनी निरोप पाठवला, बघायला या.

एका सकाळी आम्ही पोचलो तर हौद आधीच काठोकाठ भरलेला आणि अंकुशराव धोतर खोचून कडेचं शेवाळ घासत होते. स्वतः. गडी बाजूला उभा.  त्यानंतर हौद रोज भरलेला असायचा.

शेवटी पाइप आला. भाऊंनी हौदावर जाऊन सांगितलं, "उद्यापासून येणार न्हाई."

अंकुशराव म्हणाले, "येऊ द्या की. सवय लागली त्यांना."

"त्यांना न्हाई, तुम्हाला लागली," असं म्हणून भाऊ वळले.

क्रशरचा विषय आमच्या ग्रामसभेत पुन्हा निघाला नाही. तो दुसऱ्या गावच्या टेकडीवर बसला. पश्चिमेचा वारा सुटला की त्याची धूळ आजही आमच्याकडं येते. सगळंच जिंकलं असं म्हणता येणार नाही. पण त्या पावसाळ्यानंतर निम्मं गायरान दरवर्षी आळीपाळीनं बंद ठेवायचं असं गावानं ठरवलं, आणि राखणदार म्हणून भानुदासला नेमलं. त्यानं एकदा कौतुकानं म्हटलं, "भाऊ, जळालं ते एका परीनं बरं झालं, कुसळ मेली." भाऊ असे उसळले की मारवाडीत गेले, "बावळो हुयग्यो कांई? येडा झाला का तू? मुळं भाजली, किडे मेले. पुन्हा म्हणशील तर तुलाच पेटवीन."

मग भाऊंचं नाव झालं. गावोगाव बोलावणी यायला लागली. शहागडला गोदाकाठच्या बागायतदारांनी सत्कार ठेवला. शाल-नारळ झाल्यावर भाऊंनी विचारलं, "तुमच्या गाई कुठंयत?" कुणीतरी अभिमानानं म्हणालं, आता सगळीकडं ऊस, ट्रॅक्टर असताना गाई कशाला? भाऊंनी शाल घडी करून परत दिली. "मंग मला काहून बोलावलं? ट्रॅक्टरला म्हणावं शेण टाक." परतीच्या वाटेवर पस्तावले मात्र. "जरा जास्त बोललो का रे सेक्रेटरी?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "बरं झालं."

असा हट्टी माणूस एकदा वाईट चुकला. निर्मला शेतीचं शिकून, मस्तगडचं घर सोडून आई-बापाजवळ आली होती. गोठा तिनं हातात घेतला तेव्हा लम्पीची साथ आली. ती म्हणाली, सगळ्या जनावरांना लस टोचून घेऊ. भाऊ म्हणाले, "माळावर हिंडणाऱ्या जनावराला रोग होत न्हाई. गोठ्यात कोंडलेल्यांना होतो." दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. भाऊंनी डॉक्टरांना फाटकातून परत पाठवलं. पंधरवड्याच्या आत गंगीच्या अंगावर गाठी आल्या. आगीतून वाचलेली ती गाय आठ दिवस उभी राहायचा प्रयत्न करत गेली. भाऊ तिच्याजवळून हलले नाहीत.

तिला पुरल्यावर त्यांनी बूट चढवले आणि गावात निघाले. मला वाटलं, माणूस खचला असेल. ते दर दारापुढं थांबून ओरडत होते, "मी चुकलो! गंगी माझ्या हेकटपणानं गेली. तुम्ही चुकू नका. ढोरं बाहेर काढा, डॉक्टर येऊन राह्यले." कुणी टाळाटाळ केली तर स्वतः गोठ्यात शिरून जनावराची शिंगं धरायचे. चूक कबूल करतानाही त्यांचा आवाज खाली आला नाही. निर्मलाशी ते महिनाभर नीट बोलू शकले नाहीत, मग एका सकाळी गोठ्याची सगळी दावी तिच्या हातात देऊन म्हणाले, "आता तू सांग, मी ऐकतो." ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी. चेअरमनपद मात्र त्यांनी सोडलं.

भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते माळावर नाही, मस्तगडला. बांधावरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर दवाखाना जवळ पडावा म्हणून मोतीलालांनी त्यांना दुकानावरच्या घरी आणलं. मी गेलो ती बाजार ऐन भरायची वेळ. गल्लीच्या तोंडाशीच गाड्या तटल्या होत्या. स्कूटर, रिक्षा, गॅसच्या टाक्यांची गाडी, सगळे हॉर्न वाजवत होते. काही तरी अपघात झाला असावा म्हणून मी वाट काढत पुढं गेलो.

दुकानापुढं, रस्त्याच्या बराबर मधे, भाऊ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंगानं निम्मे झालेले. शेजारी कुबड्या. विजेच्या खांबाला एक तांबूस वासरू बांधलेलं. निर्मलानं सकाळच्या टेम्पोतून ते पाठवलं होतं. बापानं फोनवर तिला दुसरं काही बोलूच दिलं नव्हतं. सोबत गवताची पेंढी होती. कंचनभाभी ओट्यावर बसून निवांत हसत होत्या.

"अहो शेठ," एक स्कूटरवाला ओरडला, "वासरू घ्या की बाजूला!"

"तुझी गाडी घे बाजूला. तिला भूक लागत न्हाई, ह्याला लागती."

मोतीलाल हात जोडून कधी भावाला, कधी गाडीवाल्यांना विनवत होते. भाऊंनी मला पाहिलं.

"कोणत्या तुकड्यात हायत गाई?"

"खालच्या."

"चरून गवत कुठवर आलं?"

मी पोटरीला हात लावून दाखवला.

"मंग उद्याच काढा बाहेर. निर्मलाला सांग. म्हणावं, ऐकायचं असंल तर ऐक." मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "डोळे काहून पुसून राह्यला? धूळ हाय का?"

मी हो म्हणालो. मागं आणखी दोन रिक्षा येऊन तटल्या. हॉर्नचा नुसता कल्ला झाला. वासरू बिचकलं, कान ताठ करून मागं सरलं. भाऊंनी पेंढीतून मूठभर गवत उपसलं, ते हलवून त्याच्या तोंडापुढं धरलं आणि गल्लीकडं मान न वळवता त्याला म्हणाले,

"खा, बिलकुल सावकाश खा. जल्दी त्यांना हाय. आपल्याला न्हाई."